पुतळीतलं तणस

"खात नाई, पित नाई, अन् जागा मात्र सासऱ्यावानी अर्ध्या घराची! सरक बाई, सरक जराशी."

हे बोलणं अगदी माझ्या छातीशी झालं. बोलणाऱ्या गुणाबाई, आणि जिला सरकायला सांगितलं ती मी. मला सरकता येत नाही हे गुणाबाईंना पक्कं ठाऊक आहे. शेवटी त्यांनीच मला कमरेत धरून उचललं, झाडू मारला आणि पुन्हा शिलाई मशीनशेजारी, खिडकीच्या कडेला उभं केलं.

मित्रांनो, मी एक जुनी पुतळी आहे. मला डोकं नाही, हात नाहीत. कमरेखाली नुसता एक बांबू आहे आणि तो एका फुटक्या स्टुलात रोवलेला आहे. डोकं नसताना ऐकतेस कशी, असं तुम्ही विचाराल. पण ज्यांना डोकं आहे ती माणसं तरी या घरात कुठं धड ऐकतात? मग माझ्यावरच शंका का?

दुकानाच्या काचेत साडी नेसून उभ्या असतात त्या पुतळ्या वेगळ्या. त्या कारखान्यात शेकड्यांनी जन्मतात, सगळ्या एकाच मापाच्या. मी एकुलती एक आहे. माझं माप जगात फक्त एका मुलीचं आहे. तिचं नाव दिव्यानी. मी बनले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

ते वर्ष २०२१ चं, उन्हाळ्याचं. कॉलेज बंद होतं. आमच्या वडशाच्या उन्हात कुत्रीसुद्धा गटारात बसलेली. दिव्यानीनं कुठंतरी मोबाइलवर पाहिलं होतं की अंगावर घट्ट टेप गुंडाळून आपल्याच मापाची डमी घरी बनवता येते. तिला कॉस्प्लेचं वेड लागलेलं. कॉस्प्ले म्हणजे गोष्टीतल्या, खेळातल्या एखाद्या पात्राचा पोशाख स्वतःच्या हातानं बनवायचा, तो घालायचा आणि तसंच वावरायचं. हे तिनं घरात समजावून सांगितलं तेव्हा तिचे बाबा, वारलूभाऊ, म्हणाले होते, "म्हंजे आपल्या नाटकावानीच. फक्त नाटक नाई."

वारलूभाऊंना नाटकातलं कळतं. दिवाळी झाली की होळीपर्यंत ते झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, एका नाटकमंडळाबरोबर गावोगाव फिरतात. पडदे ओढणं आणि मांडव बांधणं हे त्यांचं काम. तिची आई गुणाबाई त्याच मंडळांचे पोशाख शिवतात. राजाचा मखमली अंगरखा, सेनापतीची पट्टी, राणीचा शेला. त्यामुळे या घरात कुणी सोंगाला हसत नाही.

तर माझा जन्म. दिव्यानीनं एक जुना, टाकाऊ टी-शर्ट घातला आणि ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. पंखा बंद केला, कारण टेप उडून स्वतःलाच चिकटते. गुणाबाईंनी खाकी पॅकिंग टेपचे वीत-वीत तुकडे कापून खुर्चीच्या पाठीला लावून ठेवले. मग तिच्यावर ते आडवे, तिरपे, उभे असे चिकटवायला सुरुवात केली. तिची मैत्रीण पुनम टेप कापून हातात देत होती आणि तोंड बंद ठेवत नव्हती.

"काकू, थोडी टेप तोंडालेबी लावा हिच्या. दिवसभर शांती राहीन."

"तुझ्या लावते आधी," गुणाबाई म्हणाल्या.

एक थर, दोन थर, तीन थर. दुसऱ्या थरानंतर दिव्यानीला घेरी आली. पुनमनं तिला मागून धरलं आणि गुणाबाईंनी चमच्यानं पाणी पाजलं. पुढे दिव्यानीनं हे आपल्या व्हिडिओत कितीदा तरी सांगितलं : टेप गुंडाळून घेण्याआधी पोटभर पाणी प्या, गुडघे ताठ ठेवू नका, श्वास भरून घ्या आणि मगच छातीवर टेप लावू द्या, आणि हे काम एकट्यानं कधी करू नका. सव्वा तासानं गुणाबाईंनी बोथट टोकाची कात्री पाठीच्या कण्यावरून वर नेली. टी-शर्टासकट टेप उघडली आणि दिव्यानी माझ्यातून बाहेर आली. लोक आईच्या पोटातून जन्मतात. मी तिच्या पाठीतून जन्मले.

बाहेर येताच तिनं मला समोर धरलं आणि ती खुदकन हसली. "आई, मी एवढी जाडी आहो का?"

"जाडी कायची? पोरीच्या जातीले अंग पाह्यजे," गुणाबाई म्हणाल्या.

मी तेव्हा नुसतं टरफल होते. मला भरायला काढलं तेव्हा मखमलीच्या चिंध्या छातीपर्यंतच पुरल्या. पोटाला आणि कमरेला काय भरायचं? मागच्या बाजूला धानाच्या तणसाची, म्हणजे भाताच्या वाळक्या पेंढ्याची, गंजी होती. वारलूभाऊंनी चार मोठ्या मुठी आणून कोंबल्या. पाठ टेपनं बंद न करता त्यांनी तिथं पडद्याला लावतात तशी दोरीची गुंफण केली. "कधी उघडाची गरज पडली तं," ते म्हणाले. त्यांच्या हातचा बांबू आजही हलत नाही.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या कामाची. तुम्हाला खरं सांगते, तेवढं सुखाचं पुन्हा काही आलं नाही.

लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या फोमच्या चटया आणून दिव्यानी त्यांची चिलखतं बनवायची. आधी मला पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, त्यावर टेप, टेपवर पेनानं रेघा. मग त्या रेघांवरून कापलं की कागदासारखे सपाट तुकडे निघायचे, आणि तेच चिलखताचं बेतणं. फोम कापताना ब्लेड दर चार कापांनी बदलायची, नाहीतर कड फाटते. कापलेल्या फोमला गरम हवेच्या बंदुकीनं शेकायची, म्हणजे त्याची छिद्रं मिटतात आणि गरम असताना गुडघ्यावर दाबला की तो वाकतो आणि तसाच राहतो. जोडायला चपला शिवणाऱ्या कोलूभाऊंकडचं पिवळं सोल्यूशन. कोलूभाऊंनीच तिला शिकवलं होतं : दोन्ही बाजूंना लाव, मग हात बांधून बस. बोट लावलं तर चिकटलं नाही पाहिजे, तेव्हाच जोड. घाई केली की उकलतं. चप्पल काय आन चिलखत काय.

हे सगळं ती माझ्या अंगावर करायची. ते सोल्यूशन, ती गरम हवा, टाचण्या, खडू. मला लागत नव्हतं असं नाही. पण कुणी आपल्यावर इतकं वाकून, जीभ दातांत धरून काम करतं, तेव्हा लागलेलं फारसं आठवत नाही.

पुनम मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढायची. 'घरच्या घरी कॉस्प्ले' असं काहीतरी त्याचं नाव होतं. दिव्यानी सांगायची की रंग देण्याआधी फोमवर पाणी घातलेल्या फेविकॉलचे चार हात द्या, नाहीतर फोम रंग पीत राहतो. लोखंडाचा भास हवा असेल तर आधी सगळं काळं करा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशानं नुसता उंचवट्यावर चंदेरी रंग घासा. वजन कमरेवर नको, खांद्यावर घ्या. बगल मोकळी ठेवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, असं म्हणून ती डोळे मोठे करायची, "बाथरूमला कसं जायचं त्याचा विचार चिलखत बनवण्याआधी करा." लोक हसायचे. कुणी कुणी खाली लिहायचं : दीदी, ही डमी कुठं मिळते? पुनम मला ते वाचून दाखवायची. "पाह्य, तुझे फॅन."

माझ्यावर चढून उभं राहिलेलं प्रत्येक चिलखत एक दिवस गोणपाटात बांधलं जायचं आणि नागपूरला निघून जायचं. तिथं मोठ्या सभागृहात शेकडो मुलं-मुली असेच पोशाख घालून येतात म्हणे. एकदा दिव्यानीला बक्षीस मिळालं. फोटोत ती हसतेय, शेजारी कुणी निळ्या केसांचा मुलगा. मी त्या फोटोत नाही. मी नागपूर पाहिलं नाही. त्या दोन दिवसांत मी खिडकीशी उघडी उभी असायचे आणि माझ्या पोटावरून मुंगळे फिरायचे. तरी ती परत येणार हे ठाऊक असायचं, म्हणून ते एकटेपण सोसवायचं.

मग ती चंद्रपूरला नोकरीला गेली. कुठल्याशा कचेरीत संगणकावर नोंदी करायच्या आणि पाच मुलींबरोबर एका खोलीत राहायचं. खिडकी एकच, आणि तीही कोळशाच्या धुळीमुळे बंद ठेवलेली, असं ती फोनवर सांगायची. जाताना तिनं मला फाटक्या नाटकी पडद्यात गुंडाळलं. पडद्यावर अर्धा राजवाडा रंगवलेला होता. सव्वा वर्ष मी त्या अर्ध्या राजवाड्यात राहिले.

त्या काळात दोन जीव माझ्याशी बोलले. एक उंदीर, त्याचं बोलणं माझ्या डाव्या बाजूच्या चिंध्यांशी होतं. दुसऱ्या गुणाबाई. दुपारी मशीनचा पट्टा थांबला की त्या पडदा थोडा सारून बघायच्या, टेपचं कुठं सुटलेलं टोक बोटानं दाबून बसवायच्या आणि म्हणायच्या, "जेवली असन का वं?" त्या मला विचारत नव्हत्या. पण त्यांना दुसरं कुणी नव्हतं. नवरा गावोगाव, पोरगी चंद्रपुरात. एकदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. माझा खांदा तिच्याच मापाचा ना.

मागच्या श्रावणात दिव्यानी परत आली. काम संपलं, पुन्हा बोलावतील तेव्हा जाईन, असं म्हणाली. पिशवी टाकली आणि आधी माझ्यावरचा पडदा काढला.

"आली मी, डमी."

तिनं मला दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचललं. आणि मित्रांनो, तेव्हाच मला कळलं. पूर्वी ती मला उचलायची तेव्हा तिच्या बरगड्या माझ्या टेपवर नेमक्या बसायच्या, डबीवर झाकण बसावं तशा. या वेळी आमच्या दोघींच्या मध्ये जागा होती. हात आरपार जाईल एवढी. तिचा गाल माझ्या मानेला लागला तो तापलेला होता. संध्याकाळची वेळ होती. ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली.

मी कुणाला सांगणार?

जानेवारीत नागपूरला मोठी स्पर्धा होती. यंदा तिथं एक नवा गट होता : स्वतः रचलेलं पात्र. दिव्यानीनं पात्र रचलं, वारूळराणी. लहानपणी वारलूभाऊ तिला जंगलातली उंच वारुळं दाखवायचे, तिथून ते आलेलं. डोक्यावर वारुळाच्या कळसांचा मुकुट. अंगावर सागाच्या पानांच्या आकाराचे फोमचे तुकडे, कौलांसारखे एकावर एक. वारुळाचा खरबरीतपणा आणायला तिनं आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा चाळला, फेविकॉलमध्ये कालवला आणि स्पंजानं थापला. वाळल्यावर लाल माती आणि रंग. मी जन्मात एवढी सुंदर दिसले नव्हते. शेजारच्या बायनाबाई दारात आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. "अगा माय, हे तं देवीच दिसून राह्यली."

पण त्या देवीचं चिलखत दिव्यानीच्या अंगावर चढलं तेव्हा ते तिच्याभोवती फिरलं. गणपती नुकतेच उठले होते. छातीची पाटी तिनं उजवीकडे ओढली तर डावीकडे बोटभर, नाही, चांगली चार बोटं फट पडली. गुणाबाईंची इंचटेप त्यांच्या गळ्यात लोंबत होती, ती त्यांनी काढली नाही.

मग पुनम म्हणाली, "डमी फुगली वाटते."

आणि सगळ्यांनी केवढा मोठा श्वास सोडला! "हो ना," वारलूभाऊ म्हणाले, "पावसात तणसानं ओल धरली असन. फुगनारच." दिव्यानी हसली. "जाडी होऊन राह्यली का वं माह्यामागं?" असं म्हणून तिनं माझ्या पोटावर चापट मारली.

मी फुगले नव्हते. टेप ताणत नाही, आणि माझं तणस तर वाळून कुरकुरीत झालेलं. पण गुणाबाईंनी माझ्या पाठीची दोरी सोडली, हात घातला आणि मूठभर तणस काढलं. मग पुन्हा गुंफण आवळली. माझी कंबर दिव्यानीच्या कमरेएवढी झाली. चिलखत पुन्हा बेतलं. काढलेलं तणस शेजारच्या गाईपुढं टाकलं, तिनं हुंगलं आणि मान फिरवली. तीन वर्षांची शिळी कंबर कोण खाणार?

दिवाळीच्या आधी पुन्हा तेच. पुन्हा चिलखत फिरलं, पुन्हा मी फुगले, पुन्हा एक मूठ. वारलूभाऊ मंडळाबरोबर निघताना म्हणाले, "थंडी पडली का ओल जाईन." खोकल्याचंही असंच होतं. फोम घासताना उडणारी भुकटी नाकात जाते, असं पुनम म्हणायची. सोल्यूशनच्या वासानं होतं, असं बायनाबाई म्हणायच्या. आणि दिव्यानी? ती तर मास्क लावल्याशिवाय फोमला हात लावत नव्हती. पहिल्या व्हिडिओपासून लोकांना तेच बजावत आली होती, की मास्क लावा, अंगणात बसून घासा, फुफ्फुसं एकदाच मिळतात. पण आता तीही मान डोलावायची. "हो, भुकटीच असन." डिसेंबरात तिसरी मूठ निघाली. माझ्या टेपला पोटाशी सुरकुत्या पडल्या.

ही माणसं वाईट नाहीत. आपल्या मुलीवर जीव टाकणारी आहेत. मग ती असं का वागत होती, ते मला एका दुपारी कळलं. बायनाबाई आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "तुझी बहीन सुकरी गेली तवा बी असंच..." गुणाबाईंनी मशीनचा पायडल इतक्या जोरात मारला की पुढचं ऐकूच आलं नाही. बायनाबाई उठून गेल्या. नंतर गुणाबाई एकट्याच माझ्यासमोर बसल्या आणि हळूहळू, माझ्या सुरकुत्यांकडं बघत, बोलल्या. सुकरीला सासरहून परत माहेरी पाठवलं होतं. पाटावर नाही, वेगळ्या थाळीत, ओसरीच्या टोकाला तिला जेवायला वाढत. कुणी विचारलं तर घरात सगळे म्हणत, खोकला आहे. साधा खोकला. पावसाळा गेला की जाईल. सुकरीच गेली.

"अन् आता आरमोरीचं स्थळ येऊन राह्यलं, पुतळे," गुणाबाई म्हणाल्या. पुढचं त्यांनी मलाही सांगितलं नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, शेवटचं घालून बघायचं ठरलं. शनिवारी पहाटेची गाडी. पुनम तिची रंगाची पेटी, जादा इलॅस्टिक, सेफ्टी पिना आणि सोल्यूशनची बाटली घेऊन आली होती. वाटेत काही तुटलं तर दुरुस्त करायला लागतं ते सगळं. वारलूभाऊ दोन गावांमधल्या मोकळ्या दिवशी घरी होते. त्यांनी मुकुटाच्या आत कपाळाशी स्पंजची पट्टी लावून दिली होती, बोचू नये म्हणून.

दिव्यानीनं छातीची पाटी घातली. गुणाबाई तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या, तोंडात टाचण्या. त्यांनी पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला. तरी पाटी फिरली. सागाचं मोठं पान जे पोटावर यायचं ते बगलेत गेलं. दिव्यानीनं ते सरळ केलं, आरशात पाहिलं आणि मग एकदम खाली बसली. मुकुट तिरपा झाला.

"दमली थोडीशी," ती म्हणाली. "बस, दोन मिनिटं."

पुनमनं तोंड उघडलं. तिला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते तिलाही म्हणवेना. ती सेफ्टी पिना मोजू लागली. वारलूभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थंडीतबी ओल धरतेच तणस."

"काढ ना आई थोडंसं," दिव्यानी म्हणाली. "गाडी उद्याची आहे. आज सांजेपर्यंत होऊन जाईन."

गुणाबाई उठल्या. माझ्यामागे आल्या. दोरी सोडली. त्यांचा हात माझ्या आत शिरला, खाली, आणखी खाली. कमरेपाशी तणस नव्हतं. त्यांची बोटं माझ्या आतल्या बाजूनं फिरली, त्या जुन्या टी-शर्टाच्या शिवणीवरून, एकोणीस वर्षांच्या दिव्यानीच्या कमरेवरून, आणि त्यांना काही हाती लागलं नाही. टेप आतल्या बाजूला मुडपली.

मित्रांनो, मी एक वस्तू आहे आणि वस्तूनं मागू नये. पण त्या वेळी माझं एकच मागणं होतं. तुमच्या घरात असलं काही बिघडलं तर ठपका भुकटीवर, पावसावर, तणसावर, माझ्यासारख्या मुक्या पुतळीवर टाकू नका. आम्ही तो सोसतो, पण त्यानं कुणी बरं होत नाही. आणि तुमच्या माणसाचं माप कधीतरी स्वतःच्या हातांनी घ्या. जवळ घ्या आणि मध्ये किती जागा उरते ते बघा.

गुणाबाईंनी हात बाहेर काढला. रिकामा.

"आता काय काढू?" त्या म्हणाल्या. टाचण्या तोंडातच होत्या, म्हणून शब्द फाटके आले.

"मंग दोरीनं आवळून टाक," वारलूभाऊ म्हणाले. "आत मुडपून—"

"कोनाले आवळू?"



गुणाबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि माझ्या खांद्यात खोचल्या. सहा होत्या. मग त्या दिव्यानीसमोर जमिनीवर बसल्या आणि तिच्या अंगावरचा पट्टा सोडू लागल्या.

"आई, काय करून राह्यली? उद्या जाचं आहे ना?"

"उद्या नाई जाचं. आज सरकारी दवाखान्यात जाऊ. आताच, बारा वाजाच्या आत."

"कायले?" दिव्यानीचा आवाज चढला. चढताच ती खोकली. "सहा महिने मेहनत केली मी. एवढा थोडासा खोकला आहे अन्—"

"अवं, राहू दे आजचा दिवस," वारलूभाऊ हळूच म्हणाले. "पोरीचं मन... स्पर्धा होऊन जाऊ दे. मंग पाहू. लोकाइले काय सांगाचं दवाखान्यात जाऊन? आरमोरीवाले—"

"सुकरीच्या वक्तीबी तुमी हेच म्हनलं होतं. मीबी म्हनलं होतं. तिचं लग्न होऊन जाऊ दे, दिवाळी होऊन जाऊ दे." गुणाबाईंनी पाटी तिच्या अंगावरून उतरवली आणि पुनमच्या हातात दिली. मग दिव्यानीचं मनगट आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरलं. अंगठा बोटाचं टोक ओलांडून मधल्या पेराला जाऊन भिडला.

"सुकरीले टीबी होता, दिव्यानी. घरात सबनाले मालूम होतं, अन् कोनी बोललं नाई. तुलेबी तोच झाला असन, माय. चाल, ऊठ."